आभाळ आणि आकाश : शिरूर–दौंड परिसरातील खगोलवाचक शब्दांचा इतिहास

महाराष्ट्रातील ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहू लागले की अभ्यासकाची दृष्टी प्रथम ग्रंथांकडे वळते, आणि ते स्वाभाविकही आहे. शके १०३६ मध्ये जन्मलेला भास्कराचार्य, त्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याची नोंद करणारा चाळीसगावाजवळील पाटण येथील शिलालेख, शके १४४२ मध्ये ग्रहलाघव रचणारा नांदगावचा गणेश दैवज्ञ, आणि १८९६ साली भारतीय ज्योतिषाचा इतिहास मराठीत सिद्ध करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित, ही परंपरा कोणत्याही प्रांतास भूषणावह आहे. एवढेच नव्हे, तर मराठी गद्याचे जे अगदी जुने नमुने उपलब्ध आहेत त्यांत श्रीपतीच्या ज्योतिषरत्नमालेवरील मराठी टीकेची गणना होते. ही टीका स्वतः श्रीपतीची की मागाहूनच्या कोणाची, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु मराठी गद्य आपल्या बाल्यावस्थेतच ज्योतिषाची परिभाषा बोलू लागले होते, एवढे त्यावरून निःसंशय ठरते.

तथापि ग्रंथांतील परिभाषा हा खगोलवाचक शब्दांच्या इतिहासाचा एकच पदर होय. दुसरा पदर शेतावरच्या बोलीत आहे आणि तिसरा दप्तरांतील कालगणनेत. हे तीनही पदर एकाच ठिकाणी तपासावयाचे, तर पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागातील शिरूर आणि दौंड हे तालुके विशेष सोयीचे आहेत. येथे कोणतेही प्रसिद्ध ज्योतिषपीठ नव्हते. म्हणूनच ग्रंथकारांच्या प्रभावापासून अलग असा लोकव्यवहार येथे पाहता येतो. शिवाय ह्या भूभागाचे एक वैशिष्ट्य असे आहे की, त्याने आकाशाकडे पाहण्याची एक ठराविक दृष्टी आपल्या शब्दांवर लादली. ती दृष्टी कोणती आणि तिचा इतिहासाभ्यासकाला काय उपयोग, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

भूमी आणि तिची गरज

सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे यावे तसतसे हे मान झपाट्याने उतरते, आणि घोड, भीमा व मुळा–मुठा यांच्या खोऱ्यांतील शिरूर–दौंडच्या पठारावर ते पाचशे मिलिमीटरांच्या आसपास येऊन ठेपते. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. येथील जुने मुख्य पीक रब्बी ज्वारीचे. तिची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत व्हावयाची, काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती वाढावयाची आणि फेब्रुवारी–मार्चात खळ्यावर यावयाची. म्हणजे पावसाच्या आरंभाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व त्याच्या अखेरच्या सरींना आहे. एक पंधरवडा चुकला तर वर्ष चुकले, अशी ही शेती होय.

आकाशाशी माणसाचा संबंध येथे किती जुना आहे याचा एक मूक पुरावा शिरूर तालुक्यातच आहे. घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या वतीने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन झाले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील ती ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वसाहत. तेथील दफने उत्तर–दक्षिण असून मृताचे मस्तक उत्तरेकडे ठेवण्याचा प्रघात होता. दिशा निश्चित करण्यासाठी ते लोक सूर्याचा आधार घेत की ताऱ्यांचा, हे हाडांवरून सांगता येत नाही. त्यांची भाषाही आपणांस अज्ञात आहे. म्हणून ह्या पुराव्यावरून एखाद्या तारकानामाची प्राचीनता सिद्ध करण्याचा मोह टाळला पाहिजे. दिशेचे ज्ञान होते आणि ते पिढ्यान्‌पिढ्या पाळले जात होते, एवढेच विधान येथे रास्त ठरेल.

बोलीतील आकाश

बोलीकडे वळताच पहिली लक्षणीय गोष्ट दिसते ती ‘आभाळ’ ह्या शब्दात. हा शब्द संस्कृत ‘अभ्र’ म्हणजे ढग यापासून आलेला आहे. देशावरील बोलीत तो आकाश या अर्थाने चालतो खरा, पण ‘आभाळ आले’ असे म्हटले की ढग आले, असाच अर्थ होतो. ज्या भाषेत आकाशाचे घरगुती नावच ढगापासून बनलेले आहे, तिचे आकाशाकडे लक्ष कशासाठी लागलेले असते, हे निराळे सांगावयास नको. वय सांगताना ‘चार पावसाळे अधिक पाहिले’ असे म्हणणारी हीच भाषा होय.

‘दिवस’ या शब्दाचीही अशीच गोष्ट. ग्रामीण मराठीत ‘दिवस उगवला’, ‘दिवस बुडाला’, ‘दिवस माथ्यावर आला’ या प्रयोगांत दिवस म्हणजे साक्षात सूर्य. काळाचे नाव ज्योतीला दिले गेले आहे, कारण ज्योतीचा उपयोग काळ मोजण्यापुरताच आहे. सूर्याची उंची मोजण्याचे बोलीतील परिमाणही शेतातलेच : ‘दिवस कासराभर वर आला’. कासरा म्हणजे बैल हाकताना हाती धरावयाची दोरी. क्षितिजापासून कासऱ्याच्या लांबीइतका सूर्य वर आला, ही कोनमापनाची भाषा आहे. फरक एवढाच की ग्रंथकार जेथे अंश आणि कला म्हणतो तेथे शेतकरी हातातल्या वस्तूचे नाव घेतो. पहाटेच्या ‘तांबडे फुटण्या’पासून ‘दिवेलागणी’पर्यंत आणि ‘तिन्हीसांजे’पर्यंत दिवसाचे असे अनेक टप्पे नावानिशी ओळखले जात. ‘रामप्रहर’ हा शब्द ग्रंथांतील प्रहराशी नाते राखून आहे, तर ‘झुंजूमुंजू’ हा पूर्णपणे बोलीचा आहे.

ताऱ्यासाठी बोलीचा आवडता शब्द ‘चांदणी’ असा आहे. हा चंद्रावरून बनलेला शब्द. शुक्राला ‘शुक्राची चांदणी’ म्हणतात. ग्रह आणि तारा हा भेद येथे बोली करीत नाही. तिला तो करण्याची गरज नव्हती. उलट धूमकेतूला ‘शेंडेनक्षत्र’ असे समर्पक नाव तिने दिले. कारण त्याची शेंडी हीच त्याची ओळख. चंद्राभोवती पडणाऱ्या प्रकाशवलयाला ‘खळे’ म्हणतात, आणि खळे म्हणजे जेथे कणसांची मळणी होते ती वर्तुळाकार जागा. चंद्राला खळे पडले की पावसाचा अंदाज बांधावयाचा, अशी रीत. म्हणजे आकाशातील खळे हे जमिनीवरील खळ्याची चिंता वाहत असते.

नक्षत्रांपैकी बोलीने स्वतंत्र नावे दिली ती मोजक्याच आकृतींना. सप्तर्षींच्या चौकोनाला ‘बाज’ अथवा ‘खाट’ म्हणतात, आणि मागच्या तीन ताऱ्यांना ती बाज पळविणारे तीन चोर मानतात. महाराष्ट्राच्या पूर्वभागातील गोंड समाजातही म्हातारीच्या खाटेची आणि तीन चोरांची हीच कल्पना आढळते; त्यावरून ती एका जातीची किंवा एका खोऱ्याची नव्हे, हे उघड होते. मृगाच्या पोटातील एका रेषेतल्या तीन ताऱ्यांना ‘तिकांडे’ म्हणतात. वैदिक वाङ्मयात मृगाला लागलेल्या त्रिकांड बाणाची कथा आहे, आणि लोकमान्य टिळकांनी १८९३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ‘ओरायन’ ह्या ग्रंथात तिचा ऊहापोह केलेला आहे. शेतातल्या माणसाच्या तोंडी असलेला हा शब्द त्या कथेचा अवशेष असावा, असे मानण्यास ध्वनिदृष्ट्या अडचण नाही.

दोन मृग

येथे एका विचित्र परिस्थितीकडे लक्ष वेधले पाहिजे. शिरूर–दौंडच्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘मृग’ किंवा ‘मिरग’ हा शब्द वर्षभर असतो. मृग निघतो, मृग बरसतो, मृग कोरडा जातो. पहिल्या सरींबरोबर मातीतून वर येणाऱ्या तांबड्या मखमली जीवालाही ‘मृगाचा किडा’ असेच नाव आहे. परंतु ह्या मृगाला आकाशात कोणीही पाहिलेले नाही, आणि पाहणे शक्यही नाही. मृग ‘निघतो’ तो साधारण ७ किंवा ८ जून रोजी, म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात प्रवेश करतो तेव्हा. ज्या नक्षत्रात सूर्य असतो ते सूर्याबरोबरच उगवते आणि त्याच्याबरोबरच मावळते. अर्थात त्या दिवसांत ते संपूर्ण अदृश्य असते.

उलट तेच तारे दिसतात ते हिवाळ्यात. डिसेंबरच्या मध्यास तिकांडे संध्याकाळी पूर्वेस उगवते, मध्यरात्री माथ्याजवळ येते आणि पहाटे पश्चिमेस मावळते. हे तारे विषुववृत्तालगत असल्यामुळे त्यांचा उदय जवळजवळ बरोबर पूर्वेस आणि अस्त बरोबर पश्चिमेस होतो. ज्वारी निसवून दाणे भरण्याचा आणि राखणीसाठी शेतात रात्र काढण्याचा काळही हाच. घड्याळ नसलेल्या राखणदाराला रात्र किती उरली हे सांगण्यासाठी याहून सोयीचे साधन नव्हते.

याचा अर्थ असा की एकाच तारकापुंजाला बोलीत दोन नावे आहेत आणि ती दोन निरनिराळ्या कामांसाठी आहेत. जूनमधला न दिसणारा मृग हा पेरणीच्या काळाचे नाव आहे. डिसेंबरातले दिसणारे तिकांडे हे रात्रीच्या प्रहराचे नाव आहे. पहिले नाव पंचांगातून, गावजोशाच्या तोंडून आले. दुसरे डोळ्यांनी पाहून ठरले. ‘जोशी’ हा शब्द ‘ज्योतिषी’ याचेच रूप. गुढीपाडव्याला पंचांगवाचन करून वर्षफल सांगणारा हा गावचा वतनदार ग्रंथ आणि शेत यांच्यामधला दुभाषी होता.

शेतकऱ्याने पंचांगातून नेमकी नक्षत्रे उचलली आणि महिने मागे ठेवले, यालाही कारण आहे. चैत्रादी महिने चांद्र असल्याने ते ऋतूंच्या मानाने मागेपुढे सरकतात, आणि सुमारे तीन वर्षांनी एक अधिक महिना, बोलीतला ‘धोंड्याचा महिना’, घालून त्यांचा मेळ बसवावा लागतो. आषाढाचा आरंभ एखाद्या वर्षी जूनच्या मध्यास, तर दुसऱ्या वर्षी जुलै बराच उलटल्यावर होऊ शकतो. पेरणी अशा महिन्याच्या भरवशावर सोडता येत नाही. सूर्यनक्षत्रे मात्र सौर आहेत. वर्षाचे सत्तावीस भाग केले असता प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे साडेतेरा दिवस येतात, आणि ते दरवर्षी त्याच तारखांच्या आसपास पडतात. अशा रीतीने चांद्र पंचांगाच्या पोटात शेतकऱ्याने आपले एक सौर पंचांग चालविले होते. त्यातील विभागांची नावेच केवळ ताऱ्यांची होती.

पावसाची नावे

मृगापासून हस्तापर्यंत नऊ नक्षत्रे पावसाची. बोलीने त्यांना कौटुंबिक टोपणनावे दिली. पुनर्वसूचा तो ‘तरणा पाऊस’, पुष्याचा ‘म्हातारा पाऊस’. मघांचा ‘सासूचा’ आणि पूर्वांचा ‘सुनेचा’. ताऱ्यांची नावे येथे पूर्णपणे मागे पडली असून पावसाच्या स्वभावाने त्यांची जागा घेतली आहे.

ह्या मालिकेत हस्ताचा शब्देतिहास विशेष उद्बोधक आहे. ‘हस्त’ म्हणजे हात. पाच ताऱ्यांच्या आकृतीवरून हे नाव पडले. संस्कृतात हत्तीला ‘हस्तिन्’ म्हणजे हात असलेला म्हणतात, कारण सोंड हाच त्याचा हात. मराठीत हस्त आणि हत्ती हे शब्द ध्वनीने जवळ आले आणि नक्षत्राचा हात हत्तीत रूपांतरित झाला. सूर्य हस्तात गेला की सुरू होणाऱ्या हादग्यात मुली मध्यभागी हत्ती काढून किंवा मांडून त्याभोवती फेर धरतात, तो ह्याच अर्थांतराचा परिणाम. सप्टेंबरच्या अखेरीस ढगांच्या गडगडाटासह येणाऱ्या पावसाला हत्तीची उपमा शोभलीही. रब्बीची पेरणी ह्या हस्तावर अवलंबून असल्यामुळे शिरूर–दौंडकडे ह्या शब्दाला मृगाहून कमी वजन नव्हते.

पंचांगकारांनी पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला ‘वाहन’ जोडण्याची पद्धत रूढ केली. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव आणि हत्ती अशी ही नऊ वाहने. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून येणाऱ्या संख्येला नवांनी भागावे आणि बाकीवरून वाहन ठरवावे, असे हे गणित. म्हणजे वाहनाचा पर्जन्याशी भौतिक संबंध काहीही नाही. तो एका भागाकाराचा शेष आहे. तरीही ‘यंदा मृगाचे वाहन कोणते’ हा प्रश्न शेतकरी विचारीत आला, कारण ज्या गोष्टीवर वर्षाचे अन्न अवलंबून आहे तिच्याविषयी काहीच न विचारता स्वस्थ बसणे मनुष्यस्वभावाला मानवत नाही.

दप्तरांतील मृग

आतापर्यंतचे विवेचन भाषेच्या अभ्यासकापुरते आहे असे वाटेल. परंतु ज्याला मराठ्यांच्या इतिहासाची साधने वाचावयाची आहेत त्यालाही मृगाशी गाठ घालावीच लागते. आदिलशाही, निजामशाही आणि त्यांच्यामागून मराठ्यांच्या दप्तरांत चालणारा सुहूर सन, ज्याला अरबी सन किंवा ‘मृगसाल’ असेही म्हणतात, तो सूर्य मृगात प्रवेश करतो त्या दिवशी बदलतो. जमीनमहसुलाचे वर्ष पेरणीबरोबर सुरू व्हावे, हा त्यातील व्यावहारिक हेतू स्पष्ट आहे. वर्षांक अरबी संख्यावाचकांनी लिहिला जाई आणि त्याचा आरंभ मात्र भारतीय नक्षत्राने होई.

ह्या योजनेकडे दुर्लक्ष झाल्यास कालनिर्णयात एक वर्षाची चूक सहज होते. एक उदाहरण घेऊ. थोरल्या माधवराव पेशव्यांचा मृत्यू दौंडच्या वाटेवरील थेऊर येथे कार्तिक वद्य अष्टमी, शके १६९४, म्हणजे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी झाला. त्या दिवशी सुहूर सन ११७३, ‘सलास सबैन मया व अलफ’, चालू होता. परंतु त्याच शके १६९४ च्या चैत्रात, म्हणजे १७७२ च्या एप्रिलात लिहिलेल्या पत्रावर ‘इसन्ने सबैन मया व अलफ’, म्हणजे ११७२, हाच अंक असणार. कारण मृग अद्याप निघालेला नव्हता. शक एकच, परंतु सुहूर सन दोन. म्हणूनच मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदासाठी सुहूर अंकात ५९९ आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदासाठी ६०० मिळवावे, असा नियम आहे. पेशव्यांच्या अखेरच्या आजारासारख्या प्रकरणात पत्रांचा क्रम एका वर्षाने चुकला, तर कारण आणि कार्य यांची अदलाबदल होते. ज्या शब्दाला शेतकरी पाऊस समजतो आणि विद्यार्थी हरणाच्या आकाराचे तारे समजतो, त्याच शब्दावर दप्तराचे वर्ष उभे आहे.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. मृगप्रवेश हा नाक्षत्र म्हणजे निरयन मानाने ठरतो. ऋतू मात्र सायन मानाने, म्हणजे संपातावर अवलंबून असतात. अयनचलनामुळे सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस याप्रमाणे ही नक्षत्रे ऋतूंच्या मानाने पुढे सरकतात. वराहमिहिराच्या काळी, म्हणजे सहाव्या शतकाच्या आरंभी, सूर्य मृगात जाई तो आजच्यापेक्षा सुमारे तीन आठवडे आधी. तेव्हा मृग आणि पावसाचा आरंभ यांची आज दिसणारी सांगड सनातन नव्हे. ती गेल्या काही शतकांतील आहे आणि कालांतराने पुन्हा सुटणार आहे. पावसाच्या परंपरागत ठोकताळ्यांचे वय ठरविताना ही कसोटी उपयोगी पडावी.

छापखाना, वेधशाळा आणि आगगाडी

एकोणिसाव्या शतकात खगोलाची परिभाषा मराठीत नव्याने घडू लागली. १८३६ साली मुंबईत छापलेल्या सुबाजी बापूंच्या सिद्धान्तशिरोमणिप्रकाश ह्या मराठी पुस्तकात पुराणे, सिद्धान्त आणि कोपर्निकसाचे मत यांची तुलना होती. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ग्रहसाधनांची कोष्टके प्रसिद्ध करून आधुनिक ग्रहगणित मराठीत आणले. रेवतीच्या योगताऱ्यापासून आरंभ मानणाऱ्या ज्या पंचांगाचा त्यांनी पुरस्कार केला ते पुढे पटवर्धनी आणि टिळक पंचांग या परंपरेत चालू राहिले. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रापक्ष उचलून धरला. दोहोंच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचा फरक असल्यामुळे एका पंचांगातला मृग दुसऱ्यापेक्षा सुमारे चार दिवस आधी निघतो. विद्वानांच्या वादाचा असा प्रत्यक्ष परिणाम पेरणीच्या बोलण्यापर्यंत पोचला. दीक्षितांनी सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या ‘ज्योतिर्विलास’ ह्या पुस्तकाला ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे दुसरे नाव दिले, तेव्हा त्यांना तारे पाहणे हे भविष्य पाहण्याहून निराळे आहे, हेच मराठी वाचकाला सांगावयाचे होते.

ह्याच सुमारास आगगाडीने ह्या भागाच्या कालवाचक शब्दांत मोठा फेर घडविला. पुण्याहून दिकसाळपर्यंतचा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला आणि १८७८ साली मनमाडची वाट फुटून दौंड हे जंक्शन बनले. गाडी मद्रासच्या वेळेवर धावे. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. प्रमाणवेळेचे रेखावृत्त साडेब्याऐंशी अंशांवर आणि दौंड साडेचौऱ्याहत्तर अंशांच्या किंचित पूर्वेस. म्हणून दौंडास सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीने घड्याळात साडेबारा वाजून गेल्यावर. ‘दिवस माथ्यावर’ आणि ‘बारा वाजले’ हे दोन प्रयोग येथे कधीच एकरूप नव्हते. पहिला ज्योतीचा आहे, दुसरा स्टेशनाचा.

लोहमार्गानेच ह्या परिसराला एका मोठ्या वेधाच्या शेजारी आणून बसविले. पौष अमावास्या, शके १८१९, म्हणजे २२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून ईशान्येकडे गेला. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी आपला तळ दौंडच्या पुढे सोलापूरच्या वाटेवरील जेऊर येथे दिला. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल हेही तेथेच होते. १८८८ साली स्थापन झालेली नायगमवालांची ती वेधशाळा त्यांच्या निवृत्तीबरोबर १९१२ साली बंद पडली. पंचांगात ग्रहणाचे स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन आणि मोक्ष असे पाच क्षण शतकानुशतके छापले जात होते. जेऊरच्या माळावर त्याच क्षणांमधल्या थोडक्या अवकाशात वर्णपटांची छायाचित्रे घेतली गेली. ‘वेध’ हा शब्द दोन्ही बाजूंना समान आहे, परंतु त्याचे दोन अर्थ एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. धार्मिक आचारात ग्रहणाचे ‘वेध लागतात’ तेव्हा माणूस अन्न वर्ज्य करून घरात बसतो. ज्योतिर्विद ‘वेध घेतो’ तेव्हा तो दुर्बीण घेऊन बाहेर पडतो.

‘वेधशाळा’ ह्या शब्दाचे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. तेव्हापासून मराठी वर्तमानपत्रांत ‘वेधशाळेचा अंदाज’ म्हणजे पावसाचा अंदाज हा अर्थ रूढ झाला. मूळ ताऱ्यांचे वेध घेण्याची शाळा, ती लोकभाषेत पावसाची कचेरी झाली. अभ्रापासून आभाळ, ताऱ्यांच्या मृगापासून पावसाचा मृग आणि ताऱ्यांच्या वेधशाळेपासून पावसाची वेधशाळा, ही तीन अर्थांतरे वेगवेगळ्या शतकांतील असली तरी त्यांची दिशा एकच आहे. ज्या भाषिकांच्या मोठ्या भागाचे जीवन अपुऱ्या पावसावर चालले, त्यांच्या तोंडी आकाशाचा प्रत्येक शब्द अखेर पावसाकडे वळला.

पाण्याचे आवर्तन

कालव्यांचे पाणी आले आणि ही दिशा बदलू लागली. मुठा कालव्याने दौंडच्या आणि पुढे घोड प्रकल्पाने शिरूरच्या काही भागास पाणी मिळाले; ज्वारीच्या शेजारी ऊस उभा राहिला. बागायतदाराच्या बोलण्यात नक्षत्राची जागा ‘पाणीपाळी’ आणि ‘आवर्तन’ या शब्दांनी घेतली. आवर्तन म्हणजे ठराविक काळाने पुन्हा येणे. हे वस्तुतः ग्रहताऱ्यांचे लक्षण. ते आता कालव्याच्या पाण्याचे झाले आहे, आणि त्याची तारीख पंचांगात नसून पाटबंधारे खात्याच्या फलकावर असते.

जुने शब्द मात्र नाहीसे झालेले नाहीत. डाळिंब आणि लिंबूवर्गीय फळांच्या बागाईतदारांत ‘मृग बहार’ आणि ‘हस्त बहार’ हे शब्द चालू आहेत, आणि कृषिशास्त्राच्या मराठी पुस्तकांनीही ते परिभाषा म्हणून स्वीकारले आहेत. शासनाने २२ मार्च १९५७ पासून सौर राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आणली. ती कागदोपत्री राहिली. शेतकऱ्याचे सौर पंचांग मात्र नक्षत्रांच्या नावाने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापले जात आहे. दुसरीकडे पुण्यात १९४४ साली स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थांनी हौशी आकाशनिरीक्षकांची परिभाषा मराठीत रुजविली. ‘शून्य सावली’ हा त्यांपैकी अलीकडे रूढ झालेला एक नेटका शब्द. ह्या अक्षांशावर मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस मध्याह्नी सावली पायाखाली नाहीशी होते, हे बोलीला ठाऊक असले तरी त्या दिवसाला तिने नाव दिलेले नव्हते. शिरूरच्या सीमेपलीकडे जुन्नर तालुक्यात खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली, तेव्हा त्या यंत्राला ‘तबकडी’ हा घरातलाच शब्द पुरला.

ह्या सर्व विवेचनावरून संशोधनाच्या पद्धतीसंबंधी काही सूचना निघतात. पहिली ही की बोलीतील खगोलवाचक शब्द कोशात केवळ अर्थासह नोंदून भागत नाही. तो कोणत्या ऋतूत, रात्रीच्या कोणत्या प्रहरी आणि कोणत्या कामाच्या संदर्भात उच्चारला जातो, ही नोंद त्याबरोबर हवी. तसे झाले नाही तर मृग आणि तिकांडे हे दोन समानार्थी शब्द म्हणून एका ओळीत बसतील आणि त्यांतील सारा इतिहास पुसला जाईल. दुसरी ही की दप्तरांतील तिथी आणि शेतातली नक्षत्रे यांचा अभ्यास अलग ठेवू नये. मृगसाल समजण्यासाठी पेरणी समजली पाहिजे. तिसरी आणि निकडीची सूचना कालमर्यादेची आहे. राखणीसाठी माळ्यावर रात्र काढलेली, तिकांड्यावरून पहाट ओळखणारी माणसे वयोवृद्ध होत चालली आहेत, आणि गावोगावच्या विजेच्या दिव्यांनी रात्रीचे तारे फिके केले आहेत. पावसाचे शब्द गरजेमुळे टिकतील. रात्रीचे शब्द टिकण्यास आता तसे कारण उरलेले नाही. म्हणून नोंद करावयाची झाल्यास आरंभ तिकांड्यापासून आणि बाजेपासून व्हावा. मृग आणि हस्त थोडे थांबू शकतात.